प्रियाचा डोळा आणि सोनूबाईची पारख

परळच्या मासळीबाजारात प्रियाला सगळे 'चष्मेवाली' म्हणत. आठव्या वर्षी लागलेला चष्मा एकतिसाव्या वर्षी साडेपाच नंबरावर पोचला होता. बर्फावर वाकलं की काचा धुरकटत, रावस साफ करताना खवले येऊन चिकटत, आणि पुसायला कोरडा हात त्या बाजारात कुणाकडेच नसतो. गिऱ्हाइकं म्हणत, "काय गो, चष्म्याचे पण खवले काढून देतेस काय?"

म्हणून तिने लेझर करून घ्यायचं ठरवलं. लोअर परळच्या एका चकचकीत इमारतीत, अकराव्या मजल्यावर, डॉक्टर सुचित्रांनी तिला नीट समजावून सांगितलं. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची समोरची काच, तिची पातळ. त्यामुळे तिच्यात चकती कापायची नाही. वरची नाजूक साल काढायची, खाली लेझर मारायचा. साल चार-पाच दिवसांत कडेकडून पुन्हा वाढते, तोवर वर पट्टीसारखी मऊ लेन्स. नजर मात्र सावकाश स्थिरावते. प्रियाने मान हलवली. घाबरलेला माणूस फार समजूतदारपणे मान हलवतो आणि त्यातलं काहीही ऐकत नाही.

पहिले दोन दिवस डोळ्यांत मिरची कुटल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी वाचता आली. तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून ती एकादशी कळवली.

चौथ्या दिवशी सकाळी कॅलेंडर पुन्हा धुक्यात गेलं.

मासळीवाल्यांच्या घरात डोळ्याचं शास्त्र एकच. काचेसारखा डोळा ताजा, दुधाळ डोळा शिळा. धुरकटलेला डोळा परत निवळला, असं तिची आई सोनूबाई हिच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात एकदाही घडलं नव्हतं. प्रियाने आरसा घेतला, मोबाइलची बॅटरी लावली आणि कळ सोसत स्वतःच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे धुरकट दिसले. धुरकट डोळ्यांनी काहीही पाहिलं तरी ते धुरकटच दिसणार, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

दुपारी सोनूबाई बाजारातून आली.

"आय, माझे डोले बघ. खरं सांग."

सोनूबाईने तिला दारातल्या उजेडात नेलं, हनुवटी धरली, मान एकदा इकडे वळवली, एकदा तिकडे. हलवा मासा पारखताना ती हेच करते.

"एकदम ताजा हाय गो. काचेवानी!"

प्रियाने हनुवटी सोडवून घेतली. कालचा बांगडा खपवताना आई याच आवाजात बोलते, आणि शब्दही हेच असतात.

"आय, मी गिऱ्हाईक नाय."

"मंग? हाय तेच सांगतंय."

"हेच तू बर्फातल्या बांगड्याला बोलतेस!"

"बांगड्याला बोलावंच लागतं," सोनूबाई म्हणाली, आणि हात न धुताच टॅक्सी बघायला निघाली.

टॅक्सीत प्रिया काळा गॉगल लावून हिशोब करत बसली की ज्याला दिसत नाही त्याला मासळीच्या गाळ्यावर कोणतं काम करता येईल. फक्त ओरडण्याचं. त्या जागेवर आई आधीच होती.

डॉक्टरांनी पट्टीची लेन्स काढून डोळ्यांत पिवळा थेंब टाकला, यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"साल पूर्ण भरून आलीय. छान."

"मग दिसत का नाही?"

"चहूकडून वाढत येऊन ती मध्ये भेटली, बरोबर बाहुलीच्या समोर. सांधा नवा आहे, खडबडीत आहे. त्यातून बघताय म्हणून धूसर. काही आठवड्यांत गुळगुळीत होईल."

मागून सोनूबाई म्हणाली, "डाक्टरीणबाय, धुरकटलेला डोला निवलतो?"

"निवळतो की."

"मासलीचा नाय निवलत."

"तुमची मासळी मेलेली असते, मावशी."

हे वाक्य इतक्या स्पष्टपणे सोनूबाईला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

"पण शंभर टक्के मी आज सांगणार नाही," डॉक्टर प्रियाला म्हणाल्या. "पुढच्या तीन महिन्यांत थोडा धूसरपणा परत येऊ शकतो. थेंब वेळेवर घाला, उन्हात गॉगल लावा, डोळे चोळू नका."

लिफ्टचं दार बंद झालं.

"आय, दुपारी खरं काय दिसलं तुला?"

"साफ दिसला. बोलले ना."

"मग तसल्या आवाजात का बोललीस?"

"दुसरा आवाज कुठं हाय मना?" सोनूबाई म्हणाली. प्रियाच्या दंडावरचा तिचा हात गार होता आणि सुटत नव्हता.

दारावर लाल आकडा पेटला होता. तो तीन आहे की आठ, हे प्रियाला कळेना.

"कितवा मजला?"

"आठ," सोनूबाई म्हणाली. "आता सात."

आणि तळ येईस्तोवर ती एकेक मजला सांगत राहिली.