चालत जाण्याइतकं माहेर

जमनाकाकीनं पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. बोईसरच्या इमारतीत आम्ही नुकते राहायला येत होतो. हातात कुकर, बगलेत उशी अशी मी जिन्यात धापा टाकत उभी होते. वरून एक ठेंगणी, भरल्या अंगाची, हातभर बांगड्या घातलेली बाई उतरली, माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "म्हायेर कुटं गो तुजं?"

"बार्शीजवळ."

"चालत किती लांब?"

मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. म्हटलं, "बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे, काकी. चालत कशी जाईन?"

"मंग तुला म्हायेर नाय," असं म्हणून ती खाली उतरली. चार पायऱ्या गेल्यावर वळून म्हणाली, "उशी जमिनीला घासते बघ."

मी भयंकर चिडले. आई, वडील, दोन भाऊ, सगळे धडधाकट, आणि या अनोळखी बाईनं एका वाक्यात माझं माहेर पुसून टाकलं होतं. संध्याकाळी प्रमोदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. नंतर कळलं की इमारतीतल्या प्रत्येक नव्या बाईला तिनं हाच प्रश्न विचारला होता. लातूर, जळगाव, यवतमाळ, कुठलंही गाव सांगा, निकाल ठरलेला. नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी इथे आलेल्या आम्हा सगळ्यांना तिनं एकजात माहेराविना ठरवून टाकलं होतं.

काकीचं स्वतःचं घर वाणगावजवळ. चिकूची वाडी, मिरचीचं शेत, खातंपितं कुटुंब. मुलगा महेश तारापूरच्या प्लांटात नोकरीला आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहायला. काकीला दमा होता, म्हणून तो तिला दवाखाना जवळ पडावा यासाठी अधूनमधून बोईसरला आणून ठेवायचा. तिला ते मुळीच आवडायचं नाही. "हितं सगल्या हवेला कंपनीचा वास मारते. त्यानं दमा जाईल का वाढंल?" असं ती त्याला विचारायची. लिफ्टमध्ये तिनं कधी पाय ठेवला नाही. गच्चीवर मिरच्या वाळत घालायची, तेव्हा सगळी इमारत शिंकायची. सोसायटीच्या अध्यक्षांनी तक्रार केली की त्यांच्या घरी चिकूंची पाटी जायची आणि तक्रार मिटायची. बाई धूर्त होती. दाराला कान लावायची, बेमालूम खोटं बोलायची, आणि पकडली गेली तर खुदकन हसायची. मला ती आवडू लागली ती या हसण्यामुळे.

माहेराच्या वेडाचं कारण तिनं मला एका दुपारी गच्चीवर सांगितलं. आम्ही दोघी वाळलेल्या मिरच्यांचे देठ मोडत बसलो होतो.

कोविडच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये काकी गावी होती. गावानं वेशीवर बांबू आडवे बांधले होते आणि तरुण पोरं तिथे पहारा करत होती. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. इकडे बोईसरला महेशच्या घरी वंदना नावाची बाई धुण्याभांड्याला येत असे. मूळची हिंगोलीकडची, आमच्या इमारतीमागच्या चाळीत राहणारी. तिचा नवरा गजानन कंत्राटी कामगार. कारखाना बंद झाल्यावर तो दिवसभर त्या एका खोलीत असायचा आणि मारायचा. गाड्या बंद, हिंगोली लांब, आईबाप वारलेले, भावानं फोनवर "सांभाळून घे" म्हणून सांगितलेलं. एका सकाळी वंदना लहान मुलीला कडेवर घेऊन रुळांच्या कडेनं चालत निघाली आणि काकीच्या गावाच्या वेशीवर येऊन उभी राहिली. तिला या मुलखात ठाऊक असलेलं दुसरं घर तेवढंच होतं.

पोरांनी काकीला बोलावून आणलं. विचारलं, "काकी, ही तुजं नाव सांगते. कोन लागते तुजी?"

"मी बोलली, लागत नाय कोन. पोराच्या घरी काम करते," काकी मला म्हणाली.

पोरांनी मान हलवली. काकीनं बांबूवरून पाण्याची बाटली दिली, भाकरी पुढे केली आणि म्हणाली, "जा बाय, थोड्या दिसांत सगलं उघडंल." वंदनेनं मुलीपुरतं पाणी घेतलं, भाकरी घेतली नाही, आणि आली तशी परत गेली. तिचा एक गाल सुजलेला होता, तो काकीनं पाहिला होता. त्याच आठवड्यात गावातल्या एका घरची लेक विरारहून सासर सोडून आली. त्याच पोरांनी बांबू बाजूला सारले. तिला काही दिवस शाळेच्या खोलीत ठेवलं, घरून डबा गेला, आणि मग ती आपल्या घरी राहिली. का, तर गावची लेक.

वंदनेला त्यानंतर डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं.

"जलमात येकदा खरं बोलली मी," काकी म्हणाली, "नि तेच नडलं." देठ मोडणारा तिचा हात थांबला नव्हता, पण तिचे डोळे भरले होते आणि मिरचीच्या हातानं ते पुसायची सोय नव्हती. मीच माझ्या कोपरानं पदर ओढून तिचे डोळे टिपले.

सगळं उघडल्यावर काकीनं लेकी करायला सुरुवात केली. दुसरा शब्द मला सापडत नाही. दिवाळी असो, गौरी असो, गावची जत्रा असो, ती बोईसरहून एखादीला घेऊन जायची, ओटी भरायची आणि मग गावभर दारोदार फिरवायची. माझीही वरात तशीच निघाली. ज्या घरात तरणी पोरं असतील तिथे काकी जास्त वेळ थांबायची. "ही माजी लेक. बोईसरला दिली. हिचं तोंड नीट बघून ठेव. उद्या परत बांबू बांधशील, तवा इचारायचं नाय." पोरं हसायची. गावात विनोद झाला होता की जमनाकाकीला या वयात दरवर्षी मुलगी होते. काका स्वभावानं अबोल. ओट्यावर बसलेले असायचे आणि नवी बाई दिसली की फक्त विचारायचे, "ही कितवी?"

प्रमोदची मात्र चंगळ झाली. तो जावई ठरला. पाय धुवायला गरम पाणी, बसायला खुर्ची, तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा. काकी त्याच्याशी डोक्यावर पदर घेऊन बोलायची. पण निघायच्या वेळी त्यानं सहज म्हटलं, "चल, निघू या," तर काकी खालच्या आवाजात म्हणाली, "जावईबापू, लेक कवा पाठवायची ते म्हायेरची मानसं सांगतेत." आम्ही निमूटपणे दुसऱ्या दिवशी निघालो.

मी तिच्याशी वाद घातला होता. कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई मी, मला हा सगळा प्रकार उफराटा वाटायचा. म्हटलं, "काकी, नियमच वाईट असेल तर नियम बदला ना. दारात मार खाल्लेली बाई उभी राहिली तर लेक असो की परकी, आत घ्यायला हवं."

"नियम बदलाया मानसं घाबरलेली नसाया पायजेत," ती म्हणाली. "घाबरला का मानूस फकस्त आपल्याला वलखते. मंग आधीच आपलं होऊन ठेवायचं."

हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. पण पहिल्या लॉकडाऊनमध्ये आमच्याच इमारतीनं खालचं फाटक कुणाकुणाला बंद केलं होतं ते मी ऐकलं होतं, त्यामुळे वाद तिथेच सोडला.

इतक्या लेकी झाल्या, पण वंदना झाली नाही. आता ती दुसऱ्या इमारतीत कामाला जायची. रस्त्यात भेटली तर उजवा कान पुढे करून काकीचं ऐकून घ्यायची, नीट उत्तर द्यायची आणि निघून जायची. काकीनं दिवाळीला साडी पाठवली, ती घडीसकट परत आली. गजानन अजूनही मारतो, हे सगळ्या चाळीला माहीत होतं.

मग एका उन्हाळ्यात पुन्हा बातम्या सुरू झाल्या. कुठेतरी रुग्ण वाढले, कुठेतरी मास्क सक्तीचे झाले, आणि बोईसरमध्ये प्रत्येकाच्या फोनवर 'पुन्हा लॉकडाऊन?' येऊन पडलं. आमच्या कारखान्यातले यूपीकडचे कामगार म्हणायचे, "मॅडम, इस बार पहले ही निकल जाएँगे. पिछली बार पैदल गए थे." शेजारणीनं दोन सिलिंडर भरून ठेवले. आमच्या घरात प्रमोद म्हणाला, बंद होणार असेल तर तू मुलांना घेऊन बार्शीला जा, आणि मी म्हटलं, मग तू इथे एकटा राहणार का? बंद होण्याआधी कोणी कुठल्या बाजूला असायचं, यावरून घरोघरी भांडणं लागली होती. मागच्या वेळी जे जिथे होते ते तिथेच अडकले, हे कुणीच विसरलं नव्हतं.

काकीचा दमा तेव्हा फार बळावला होता. तरी ती माझा हात धरून चाळीत गेली. वंदना दारात भांडी घासत होती. काकी उंबऱ्यावर टेकली आणि दम लागत लागत म्हणाली, "बंद व्हायच्या आदी चल. पोरीला घे नि चल. माजी लेक म्हनून चल."

वंदनेनं हात धुतले. शांतपणे म्हणाली, "मला कुणाची लेक व्हायचं नाही, काकी. तुमी त्या दिवशी खरं बोललात. मी खरंच तुमची कुणी नव्हते."

"मंग आता खोटं बोलू दे की मला."

वंदना हसली नाही. "बंद झालं तर बघू," म्हणाली.

"बंद झाल्यावर बघता येत नाय गो."

वंदनेनं चहा केला, आम्ही तो प्यालो आणि निघालो. वाटेत मोरीच्या कठड्यावर काकी बसली आणि लहान मुलीसारखी रडली. "ती नाय आली, तं ह्या बाकीच्या लेकी कशाला केल्या मी?" बाकीच्या लेकींपैकी एक तिच्या शेजारी उभी होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मला वाईट वाटलं. पण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

लॉकडाऊन झाला नाही. बातम्या आल्या तशा विरल्या, आणि काकी कायमची वाडीवर राहायला गेली. पावसाळा सरल्यावर एका साध्या बुधवारी तिचा फोन आला.

"बार्शीवाले, आली."

"कोण आली?"

"वंदना. पोर नि पिशवी घेऊन, रिक्षानं." मग जरा थांबून, अगदी चकित आवाजात, "काय बंद नसताना आली गो!"

आम्ही सगळ्याजणी पुढच्या लॉकडाऊनची तयारी करत होतो. वंदनेच्या खोलीचा पहिलाच लॉकडाऊन अजून उठलेला नव्हता.

रविवारी गजानन आला. मी आणि प्रमोद तिथेच होतो. तो तिला ओढून न्यायच्या इराद्यानं आला होता, चेहऱ्यावरूनच कळत होतं. काकीनं पदर डोक्यावर घेतला, गरम पाणी ठेवलं, खुर्ची दिली. कोंबडी कापली. गजाननला कुठल्याही घरात असा मान मिळाला नसावा. तो पाय धुऊन, पुरता गोंधळून, मान खाली घालून जेवला. जेवण झाल्यावर काकी म्हणाली, "जावईबापू, लेक आता नाय पाठवायची."

"का पण, मामी?" नकळत तो सासूला म्हणतात तसं मामी म्हणून गेला, आणि तिथेच फसला.

"आमची मर्जी. इचारत रहा."

आरडाओरडा करायला जागाच नव्हती. पोटात त्यांचीच कोंबडी होती आणि ओट्यावर काकांचे दोन धिप्पाड पुतणे बसले होते. तो गेला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. दर रविवारी हे असंच चाललं. तो यायचा, विचारायचा, जेवायचा, जायचा. मी वंदनेला पोलीस तक्रारीचं बोलले. ती म्हणाली, "करेन, ताई. आधी नीट झोपू द्या." मुलगी गावच्या शाळेत जाऊ लागली. वंदना मिरचीच्या कामाला उभी राहिली. काकीला ती काकीच म्हणायची.

थंडीत काकीचा दमा पुन्हा उसळला आणि त्यातच ती गेली. आम्ही सगळ्या लेकी गेलो. इतक्या बायका एका वेळी रडताना त्या गावानं पाहिल्या नसतील. मी माझ्या आईसाठी रडेन तशी रडले, यात काही खोटं नव्हतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी वाडीवर होते. गजानन आला. खुर्ची कुणी दिली नाही, तो ओट्याच्या कडेला बसला. काका भिंतीला टेकून समोर बघत होते. शेवटी तोच म्हणाला, "मामा, मामी तर गेल्या. आता विचारायचं कुणाला?"

काकांनी दाराकडे पाहिलं. दारात वंदना येऊन उभी राहिली होती, हात मिरचीनं लाल.

"मला विचारा," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला काही विचारायची त्याला सवय नव्हती.

"येतेस का?" त्यानं विचारलं.

"नाही," वंदना म्हणाली. "जेवून जा."