पेठ रस्त्यावरची सातची गाडी

त्या सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि काय मागावं ते सुचेना. आदल्या आठवड्यात मी एका अहवालावर सही केली होती. पेठ तालुक्यातल्या एका गावची सकाळची एसटी पुढच्या महिन्यापासून बंद केली तरी चालेल, तिथले बहुतेक लोक आता स्वतःच्या वाहनाने जातात, असं त्यात होतं. कुठल्या मार्गावर उद्या किती प्रवासी बसतील याचा अंदाज बांधणं हे माझं काम. ते गाव मात्र मी पाहिलेलंच नव्हतं. रजा टाकून निघालो.

नाशिकहून जाणार असाल तर एसटीच घ्या आणि खिडकी धरा, सावळ घाट डोळे भरून दिसतो. करंजाळीला उतरून भजी खाल्ली. भजी गरम, चहा पाणचट. पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, पाऊण तास नुसता बसून होतो. तीस रुपये, आणि मांडीवर कुणाची तरी पिशवी.

गावात दारोदार मोटरसायकली शोधल्या. दोन दिसल्या, त्यातल्या एकीला चाकं नव्हती.

गावातल्या सोनाबाईंनी ओटीवर बसवून नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. त्यांची मुलगी मंदा पेठला बारावीत शिकते; नुकतीच घरी परतून तीही शेजारी बसली होती. विचारलं, "मंदा कॉलेजला कशी जाते?"

"गाडीनं."

"कुठंय गाडी?"

"आता कशी दिसंल? सातला येती ना!" सोनाबाई हसल्या. "तुमच्याकडं काय एसटी दारात बांधून ठेवत्यात का, साहेब?"

गाडी म्हणजे एसटी! आमच्या पाहणीत घरोघर हेच उत्तर आलं होतं, "गाडीनं." पाहणीला आलेल्या शहरातल्या पोरांनी खासगी वाहनाच्या रकान्यात खुणा केल्या. त्यांना काय बोलणार? "ऊठ, गाडी चुकंल," असं म्हणून माझी आई मला शाळेसाठी उठवायची. त्या ऑफिसात हा शब्द ओळखणारा मी एकटाच होतो, आणि मीच तपासून सही केली.

"गाडी बंद झाली तर? जीप आहे की," मी म्हटलं.

"जीप भरंस्तवर कालेज सुटंल. अन् पास एसटीचा हाय, जीपचा नाय," मंदा म्हणाली.

"मग हिचं लगीनच करायचं," सोनाबाई म्हणाल्या. मंदा उठून आत गेली.

परतल्यावर ऑफिसात आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. "अहो, आकडे जुळतायत ना? फाईल वर गेली. आता कशाला उकरता?"

तीन दिवस नेहमीसारखा कामावर गेलो. पूजा रोज केली, पण नुसती हातांनी. घाट सुंदर आहे, तुम्ही जरूर जा. मला मात्र त्या प्रवासातलं आठवतं ते मंदाचं उठून आत जाणं.

चौथ्या दिवशी कुणाला न विचारता पत्र लिहिलं. अंदाज चुकला आहे, चूक माझी आहे, सही मागे घेतो, पाहणी पुन्हा करा. नोकरीचं काय होईल, एसटी राहील की नाही, काहीच ठाऊक नाही. वरच्या कार्यालयात आवक खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

"साहेबांची सही कुठंय?"

"खाली माझी आहे," म्हटलं, "तेवढीच."

त्यांनी शिक्का मारला.