पाणी ते पाणी

रेवसच्या हरेश्वरभाऊंना गावातली निम्मी माणसं बिनडोक वाटत. उरलेल्यांशी त्यांची अजून ओळख झालेली नाही. जन्म मिठागरवाल्या घरातला. कंपनीत एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून वाफेवर चालणारं हातभर लांबीचं रेल्वे इंजिन केलं. तांब्याचा बॉयलर, खाली प्रोपेन गॅसचे बोटभर बर्नर.

“कोळशावर का नाही केलंत?” असं मी एकदा विचारलं.

“तुमच्याकडं अजून चुलीवर च्या करतात काय, गुरुजी?”

पाणी मात्र पावसाचं, कौलांवरून धरून कॅनमध्ये साठवलेलं. गावचं मचूळ पाणी बॉयलरमध्ये फेसाळतं, म्हणून दुसरं चालत नसे.

नव्या लॉजच्या मितेशने पाहुण्यांना दाखवायला इंजिन मागितलं. भाऊंनी आधी त्याला हाकलला, मग कबूल झाले. चार लोकांसमोर ते धावावं ही हौस त्यांनी बोलून दाखवली नाही, पण त्या सकाळी तीन शर्ट बदलले, असं त्यांच्या पत्नी आवडावहिनी सांगतात.

बर्नर निळे पेटले, वाफ धरली, लॉजच्या अंगणात मांडलेल्या गोल रुळांवर इंजिन सुटलं. टाळ्या पडल्या. अर्ध्या फेरीत धुराड्यातून गढूळ पाणी उडू लागलं. पातळी दाखवणाऱ्या काचनळीत नुसता फेस. बॉयलरमध्ये पाणी किती उरलंय ते कळेना. पाणी संपून आच चालू राहिली, तर सांधे वितळून सहा वर्षं मातीत.

मनगटावर उडालेला थेंब भाऊंनी चाटला.

“खारट हाय. मितेश, माझा कॅन कुठं?”

“सांडला, काका. बोअरचं भरलं. पाणी ते पाणी!”

“गाढवा, माझा बाप मिठागरात मेला. मला पाणी शिकवतोस?”

“अहो, लोक शूटिंग करतायत! गॅस वाढवा, एवढी फेरी होऊ द्या.”

भाऊंनी गॅस बंद केला. इंजिन थांबलं.

“काकांची शेगडी विझली!” कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. बॉयलर म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण हसण्यात कुणी मागे राहिलं नाही.

तापलेलं इंजिन उचलता येईना. भाऊ गर्दीकडे पाठ करून तासभर त्याच्याजवळ बसले. निवल्यावर एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. सगळे शाबूत होते.

“पुढच्या रविवारी जमेल ना, काका?” मितेशने विचारलं.

“जमेल की. रूळ हितंच ठेवतो,” भाऊ इंजिन टेम्पोत चढवत म्हणाले, “तू धाव.”