भाऊ, पाणी ठेवलंय

कांतिलालशेठ थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाच पंचवीसला दुकानातून उठायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी उठायचे. काट्यावर साखरेची पिशवी अर्धी भरलेली आणि शेठ पडद्याआड स्वयंपाकघरात. बैलबाजाराच्या दिवशी बाहेरगावचे लोक खवळायचे. एकदा एक जण म्हणाला, शेठ, आमी काय हितंच मुक्काम करायचा का? आतून आवाज आला, "बसा पावणं, खुर्ची हाये. सूर्यनारायण काय माझा नोकर न्हाई थांबायला."

बेल्ह्याच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान आणि रस्त्याच्या पलीकडं माझी पिठाची गिरण. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघून शटर वर केलं. मी तिसरीतून शाळा सोडली. हे लिहिलेलं कुणाकडून तपासून घेणार नाही. जसं आहे तसं वाचा.

शेठ जैन. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडं आले, पण शेठचं बोलणं आमच्यासारखंच. दिवस मावळला की त्यांच्या तोंडात अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काही नाही. बायको वारलेली. मुलगा प्रकाश आणि सूनबाई कामाला नारायणगावला, यायला सात-साडेसात. घरात नात निधी, सहावीतली. शाळेतून पाचला यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण आजोबा एकटे जेवतात म्हणून तीही दिवस मावळायच्या आत जेवायची. म्हणजे सोमवार ते शुक्रवार शेठला अर्ध्या तासात रांधायचं आणि वाढायचं असे. पोळी त्यांना जमेना. कणकेशी झटापट करून नकाशे निघायचे. मग नातीनंच मोबाईलवर दाखवलं, आजोबा, हे करा, पास्ता.

पहिल्यांदा मी तो बघितला तेव्हा म्हणालो, शेठ, ह्या नळ्या कुठल्या मोटारीच्या? त्यांनी ऐकून घेतलं. पण उकळतं पातेलं उतरवून पाणी गाळायला त्यांच्या मनगटात जोर नव्हता, ते जुनं दुखणं होतं. म्हणून ते दुकानाच्या पायरीवर येऊन मला हाक मारायचे, "भाऊ, पाणी ठेवलंय वो." मी गिरणीचा पट्टा थांबवायचो, अंगावरचं पीठ झटकायचो आणि रस्ता ओलांडायचो. सारं गाव मला नावानं हाक मारतं. भाऊ म्हणणारे ते एकटे.

त्यांचं करणं बघण्यासारखं होतं. एका शेगडीवर पाणी, दुसरीवर कढई. पाण्यात मीठ आणि नळ्या पडल्या की इकडं तेलात जिरं, हिरव्या मिरच्या, ढोबळी मिरची, मग टोमॅटो. काजू सकाळीच भिजत घातलेले, ते मिक्सरला फिरवायचे. वाटीभर साय. आणि वरून त्यांची लाल मिरची, राजस्थानातल्या गावाकडून नातेवाईक आणून द्यायचे ती. रस्सा गुलाबी व्हायचा, चमच्याला चिकटून राहायचा. मी पाणी गाळून नळ्या कढईत सोडायचो. भिंतीवर सूर्यास्ताच्या वेळांचा कागद टांगलेला, शेठ एक डोळा त्याच्यावर ठेवून म्हणायचे, "घाई करा, पर गडबड नको." निधी वरून चीज किसायची. पाच पन्नास म्हणजे ताटं वाढलेली. जेवताना कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. "गरम हाये तवर खा. बोलायला अख्खी रात पडलीये."

मी पोटभर खायचो आणि वर नावं ठेवायचो. घरी जाऊन आठ वाजता भाकरी खायचो ती वेगळी. माझं म्हणणं एकच, शेठ, तुमचं तिखट हे तिखटच नाही, लहान पोरांचं औषध आहे. ते म्हणायचे, भाऊ, तुमच्या नाकाला पाणी आलंय ते पुसा आधी. असं दोन वर्षं चाललं. माझी बायको म्हणायची, एवढं वाईट असतं तर जाता कशाला.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आदल्या दिवशी तिखटावरून आमची बरीच जुंपली होती. दुसऱ्या दिवशी मी घरच्या मसाल्याची पुडी खिशात टाकली. त्यात कांदा होता, लसूण होता, हे मला चांगलं माहीत होतं. कढई रटरटत होती तेवढ्यात प्रकाशचा फोन आला. शेठनी चमचा माझ्या हातात दिला, म्हणाले, जरा हलवत ऱ्हावा, खाली लागंल. आणि ते बाहेर गेले. मी पुडी काढली आणि दोन चिमटी मसाला टाकला. मनात म्हणालो, आज म्हणतील, भाऊ, आज काय झालंय ह्याला, लई भारी लागतंय. मग मी सांगणारच नव्हतो. मनातल्या मनात जिंकणार होतो.

ताटं वाढली. निधीनं चमचा तोंडाशी नेला आणि माझ्यानं बघवलं नाही. मी म्हणालो, थांब पोरी, खाऊ नको. आणि काय केलं ते सांगून टाकलं.

शेठनी तिच्या हातातलं ताट हळूच घेतलं. भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. सहा मिनिटं राहिली होती. तिला दूध दिलं, दोन केळी दिली. स्वतः तांब्याभर पाणी प्याले आणि त्यांचा दिवस मिटला. ते ओरडले असते तर मी मान खाली घातली असती. पण त्या गप्प बसण्यानं माझं डोकं फिरलं. मी त्या लेकरासमोर म्हणालो, "दोन चिमटीनं तुमचा धरम बुडाला का काय?"

शेठ म्हणाले, "धर्माचं न्हाई वो भाऊ. मी तुमच्या हातात चमचा देऊन गेलो व्हतो."

मी उठलो आणि चालता झालो. चुकलं, एवढा एक शब्द होता. तो मी जन्मात कुणापुढं उच्चारला नव्हता, बापापुढंही नाही. रस्ता ओलांडताना तो तोंडात होता आणि गिरणीत शिरल्यावर मी तो गिळला.

दुसऱ्या दिवशी पाच पंचवीसला पायरीवरून आवाज आला, "भाऊ, पाणी ठेवलंय वो." जसं काही झालंच नाही. मी पाठ फिरवून गिरण चालू केली. दळण नव्हतं. नुसतीच चालू केली, आवाजात ऐकू आलं नाही असं दिसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी तेच. मग रोज तेच. शनिवार-रविवार सोडून रोज ते पायरीवर यायचे, एकदाच हाक मारायचे, थोडं थांबायचे आणि आत जायचे. मी रोज त्या वेळेला रिकामी गिरण फिरवायचो. पोटात दाणा नसला की गिरणीचा दगड दगडाला खातो, हे शेंबड्या पोराला कळतं. त्या हंगामात मला दोनदा कारागीर बोलावून झिजलेल्या दगडांना टाकी लावून घ्यावी लागली. कारागीर म्हणाला, काय दळता काय तुमी? मी म्हणालो, तुझं काम कर.

पातेलं कोण उतरवत होतं, हे मी कधी विचारलं नाही. एकदा रस्त्यावरून जाताना त्यांच्या मनगटाला पांढरी पट्टी दिसली. तरी मी गेलो नाही.

दिवस मोठा होत गेला तशी हाक उशिरा यायला लागली, सव्वासहाच्या पुढं सरकली. होळीच्या आदल्या आठवड्यात एका बुधवारी ती आलीच नाही. मी गिरण चालू ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पायरी बघत राहिलो. दिवस मावळला. घरी जाऊन हात धुता धुता बायकोला म्हणालो, दमला शेठ. आज हाक न्हाई मारली. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं होतं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "अवो, त्यांना दुपारी मागच्या गल्लीतनं अॅम्ब्युलन्समधून पुण्याला न्हेलं, दुकान उघडंच ऱ्हायलं. छातीत दुखत व्हतं. सगळी पेठ गोळा झाली व्हती. तुमची गिरण चालू व्हती."

शुक्रवारी त्यांना परत आणलं, ते जीव गेल्यावरच. मी स्मशानात मागं उभा राहिलो. पुढं जायला माझा पाय उचलला नाही.

चार दिवसांनी त्यांच्या घरी भेटायला गेलो. बायकोला म्हणालो होतो, आज तो शब्द बोलून येतो, शेठपुढं नाही तर त्यांच्या लेकापुढं. प्रकाशनं मला खुर्ची दिली. निधी आतल्या दारात उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. मी घसा साफ केला. म्हणालो, प्रकाश, ते मधल्या काळात माझं येणं झालं नाही.

तो म्हणाला, "माहीत हाये काका. बाबा सांगायचे ना. निधीची आई रोज विचारायची त्यांना, काका का येत न्हाईत म्हणून. ते म्हणायचे, भाऊंच्या गिरणीला आता त्या टायमाला लई काम असतं, माणसाला उसंत न्हाई. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

म्हणजे शेठनी घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळचं माहीत होतं ते फक्त त्या लेकराला, आणि तिनंही आजोबांचं ऐकून तोंड मिटून ठेवलं होतं.

ती दारातून माझ्याकडं बघत होती. मी काय बोलतो ते बघत होती.

मी म्हणालो, हो. लई काम असतं.