चार सिलेंडरची ओवाळणी

आमच्या इंदापूर तालुक्यात चढ म्हणजे कालव्याचा पूल. माझ्या गावाहून, वरकुट्याहून, थेट बारामतीपर्यंत गेलं तरी गिअर खाली आणायचं कारण म्हणजे एक तर पुढं उसाची ट्रॉली, नाही तर रस्त्यात बसलेली म्हैस. अशा सपाटीवर जन्म काढलेल्या माणसानं घाटात चालणारी गाडी निवडायची, म्हणजे पोहता न येणाऱ्यानं विहीर पसंत करण्यातला प्रकार. पण माझा स्वभाव असा, की येत नाही म्हणायची वेळ आली की मी दुप्पट जोरात बोलतो.

गाडी मला घ्यायचीच होती. जनावरांना रोजचं उसाचं वाढं, खताच्या गोण्या, दुधाचे कॅन, मार्केटला डाळिंब, अवसेला बायकोला नरसिंहपूरचं दर्शन, एवढ्यासाठी कुठलीही गाडी चालली असती. घाट आला तो अक्कामुळं.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या घरीही एके काळी मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं तसा वडिलांनी कळप मोडला आणि ऊस लावला. अक्काला मात्र दिली कळसकडच्या एका घरी, तिथं मेंढरं आजतागायत आहेत. दरवर्षी दसरा झाला की अक्का आणि दाजी कळप घेऊन निघतात, भोरच्या पुढं घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. मेंढरं चालतात. पण वाटेत जन्मलेली कोकरं घाट चालत नाहीत, ती घोडीच्या पाठीवर झोळीतून जायची. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात परत येताना घोडी घसरली आणि गेली.

दाजींचे गुडघे आधीच गेलेले. ते म्हणाले, "आता कोकरं वाहायला काय न्हाय. औंदा मेंढरं इकून टाकू." अक्का काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा समजायचं, की हिचं काळीज तुटतंय. कळप दाजींच्या नावावर असेल, पण एकेका मेंढीची आई कोण होती हे अक्काला माहीत.

राखीला ती घरी आली होती. राखी बांधून घेता घेता मी म्हणालो, "मेंढरं इकायची न्हाईत. मी पिकअप घेतोयच. भाऊबीजेची ओवाळणी समज, तुझी कोकरं मी घाट उतरवून देणार." तिनं पदर डोळ्याला लावला. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

मग गाडीचा शोध सुरू झाला. गावातल्या एकाकडं दोन सिलेंडरची छोटी गाडी होती. सपाट रस्त्याला गुणी पोरगी. पण एकदा माल भरून पाचगणीला नेली तर पसरणीच्या घाटात तापून उभी राहिली आणि भाजीच्या क्रेटवर बसून त्यानं दोन तास इंजिन गार होण्याची वाट पाहिली. तेव्हा चार सिलेंडरच घ्यायची, हे मी ठरवलं. भरलेली गाडी चढावर ओढली पाहिजे आणि उतारावर खालच्या गिअरात इंजिननंच धरली पाहिजे, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर घाट उतरायचा नसतो. हे मी चावडीवर, डेअरीत, न्हाव्याकडं, जिथं कोणी ऐकेल तिथं सांगत सुटलो. आणि ते खरंही होतं. इंजिन मी बरोबर निवडलं, तेवढं एक माझ्या पदरात घाला.

बारामतीच्या शोरूममध्ये चार सिलेंडरच्या दोन गाड्या होत्या. एक सिंगल केबिन, लांब हौद्याची, मागच्या अंगणात धूळ खात उभी. दुसरी डबल केबिन, पुढं काचेत, आरशासारखी. पुढं दोन सीट, मागं अख्खी रांग, आणि त्यामागं हौदा, पण आखूड. बायको म्हणाली, "अहो, अक्कांची कोकरं न्यायची ना? मग ती लांबडी घ्या."

"तुला गाड्यातलं काय कळतं?"

"गाड्यातलं नाही कळत. कोकरांतलं कळतं. वरकुट्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका."

एवढ्यात शोरूममधला टायवाला पोरगा म्हणाला, "सर, फॅमिलीपण बसणार असेल ना?" त्या 'सर'नं मी हुरळलो. लग्नसराईत ही गाडी मांडवासमोर उभी राहील, मागचं दार उघडून बायको उतरेल, पाव्हणे बघतील, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. मागच्या रांगेवर मी मनातल्या मनात किती माणसं बसवली. बायको, मुलं, सासरा, कारखान्यातले ओळखीचे साहेबसुद्धा. जिच्यासाठी चार सिलेंडर पाहिजे होते ती बहीण काही त्या रांगेत आली नाही. तिला मी मालात धरली होती. हे तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

डबल केबिन घेतली. दसऱ्याला घरी आणली. सीटवरचं प्लास्टिक मी कुणाला काढू दिलं नाही.

भाऊबीजेच्या दिवशी पहाटेच निघालो. अक्काचा मुक्काम भोरच्या पुढं, घाटाच्या अलीकडं, भात काढलेल्या एका शेतात होता. दाजी चांगली मेंढरं घेऊन आदल्या दिवशीच घाट उतरायला गेले होते. अक्का कोकरं आणि चार बाळंतिणी मेंढ्या घेऊन माझी वाट बघत होती. तिनं तिथंच, तीन दगडांच्या चुलीशेजारी मला पाटाऐवजी घोंगडीवर बसवलं आणि ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं. मग ताट घेऊन गाडीपाशी गेली, बोनेटला भंडारा लावला आणि गाडीला एक चक्कर मारली.

"हौदा आखूड दिसतोय रं."

"आखूड कसला? चार सिलेंडर हाय."

"आरं, कोकरं काय सिलेंडरात ठिवायची व्हय?"

आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

हौद्याचा मागचा फाळका पाडून वाळका पेंढा पसरला आणि कोकरं चढवली. निम्म्यात हौदा भरला. उरलेल्या कोकरांसाठी आणि बाळंतिणी मेंढ्यांसाठी दुसरी खेप करावी लागणार होती, म्हणून शेतकऱ्याच्या म्हातारीला त्यांच्यावर नजर ठेवायला सांगितलं. अक्काच्या हातात दोन कोकरं उरली, त्याच सकाळी झालेली, अजून ओली. ती घेऊन ती मागच्या दारापाशी आली. मी दार उघडलं. आत नवंकोरं प्लास्टिक चकचकत होतं. तिच्या पायाला चिखल, लुगड्याला लेंड्यांचा आणि दुधाचा वास. आमच्या आईला यायचा तोच.

"बस की," एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "थांब, गोणपाट टाकतो."

पुढच्या सीटखाली खताचं रिकामं गोणपाट होतं. ते मी काढलं, झटकलं, सीटवर नीट पसरलं, कोपरेसुद्धा ओढून बसवले. वळून बघतो तर अक्का दारात नव्हती.

"ऱ्हाऊ दे," ती मागून म्हणाली. तोवर एक पाय टायरवर ठेवून ती हौद्यात चढलीही होती. "कोकरांपाशी कुनीतरी पायजेच. येकमेकावर पडून मरतील."

तिनं मला पळवाट दिली आणि मी ती घेतली. एकदाही, खोटं खोटंसुद्धा, "पुढं ये" म्हणालो नाही.

घाट लागला. खरं सांगतो, गाडी अशी चढली की मन भरून यावं. दुसऱ्या गिअरात, कुरकुर नाही, इंजिन तापल्याचा काटा जागचा हलला नाही. मी वळणावळणाला खूश होत होतो. आरशात अक्काची पोलादी दांडा धरलेली मूठ दिसायची आणि डोक्याला घट्ट गुंडाळलेला पदर. माझ्या मागच्या रिकाम्या रांगेवर गोणपाट एकटंच बसून चाललं होतं.

माथ्यावर भज्यांची टपरी आहे, तिथं गाडी थांबवली. उतरतो न उतरतो तोच हाक आली. मघाशी म्हणालो ते कारखान्यातले साहेब. सकाळी भाऊबीज उरकून सहकुटुंब कोकणात निघालेले. गाडीभोवती फिरले, टायरवर लाथ मारून बघितली. "वा, डबल केबिन! शोभते बरं का तुम्हाला." मी फुगलो.

त्यांच्या पत्नी कोकरं बघायला हौद्याशी गेल्या. अक्काला म्हणाल्या, "किती गोड आहेत! तुम्ही ह्यांच्या कोण?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. मी भज्यांच्या कढईत बघत होतो.

"कुनी न्हाय बाई," ती म्हणाली. "मी मेंढरावाली. ह्यांची गाडी भाड्यानं घेतलीया खाली जायला."

साहेब हसून म्हणाले, "अरे वा, आल्या आल्या गाडी धंद्याला लावली की!" मग माझ्या कपाळाकडं बघून, "बहिणीकडं जाऊन आलात वाटतं? कुठं दिलीय बहीण?"

मी म्हणालो, "हितंच. भोरकडं."

तीन हातांवर अक्का होती. तिला ऐकू गेलं नसेल असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून बघितलं. घाटमाथ्यावर वारा होता, कोकरं ओरडत होती, असं सगळं. पण मेंढरामागं आयुष्य गेलेल्या बाईला दोन रानांपलीकडचं कोकरू खोकलेलं ऐकू येतं.

मी भज्यांची एक प्लेट घेऊन हौद्याशी गेलो. तिनं प्लेट घेतली नाही. जन्मापासून मला अरे-तुरे करणारी माझी बहीण साहेबांच्या देखत म्हणाली, "तुमी खावा आदी. तुमाला गाडी चालवायची हाय."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. माझी अब्रू राखत होती, लहानपणी मी चड्डीत मुतलो तर घागर सांडली म्हणून सांगायची तशी. माझ्या कपाळावर तिचंच कुंकू होतं आणि मी भजं खात होतो.

घाट उतरलो. इंजिननं गाडी धरली, ब्रेकला फारसा हात लावावा लागला नाही. चार सिलेंडरनं आपलं काम चोख केलं. दुसऱ्या खेपेलाही अक्का मागंच बसली. सगळी कोकरं सुखरूप उतरली, मेंढ्यांना लागली, दाजी हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, तुमच्यामुळं कळप ऱ्हायला." अक्कानं मला भाकरी बांधून दिली.

घरी आल्यावर बायकोनं मागचं दार उघडलं. "हे गोणपाट कशाला?"

"कोकरांसाठी," मी म्हणालो.

उन्हाळ्याच्या शेवटी मी फोन केला, की वर आणायला येतो. अक्का म्हणाली, "नगं. कोकरं चालती झाल्याती." तिच्या आवाजात काही नव्हतं. तेच मला जड गेलं.

यंदा भाऊबीजेच्या आधीच मी कळसला गेलो. मेंढरं निघायची होती, म्हणून अक्काला एक दिवस घरी आणून ओवाळून घ्यायचं ठरलं होतं. निघण्यापूर्वी सीटवरचं सगळं प्लास्टिक फाडून काढलं होतं. बायको म्हणाली, "आज काय झालं?" मी किल्ली घेऊन निघालो. वाटेवर पाठ केलं होतं: अक्का, पुढं बस. माझं चुकलं. एवढंच.

अंगणात बाभळीला घोडी बांधलेली. तांबडी, कपाळावर चांदवा, नवीनच. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"ही कशाला आता?" मी विचारलं. "मी हाय की. गाडी हाय की."

"गाडी चांगलीच हाय रं तुजी," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. "तिच्यात काय खोट न्हाय. पन आता माजंबी पाय दुखत्यात. घोडीवर बसाय कुनाला इचारावं लागत न्हाय."

मी जाऊन पुढचं दार उघडलं. एवढं तरी करायचं म्हणून, दार धरून उभा राहिलो. "अक्का, पुढं बस."

"बसते की," ती म्हणाली. नवं लुगडं नेसली होती, पाय धुतले होते, डोक्याला तेल होतं. गाडीपाशी आली. मग काखेतून घडी घातलेलं एक गोणपाट काढलं, स्वच्छ धुतलेलं, सीटवर पसरलं, कोपरे ओढून नीट बसवले, आणि त्यावर अंग चोरून बसली.

"चल," म्हणाली. "वैनी वाट बगत आसंल."