सुरैयाची भट्टी, खलीलची गादी

"दुकानात पाय ठेवला की एकच सवाल, ‘बाई आहेत का?’ अरे, मग मी गादीवर काय बाहुला बसवलाय?"

"मग सांगायचं, आहेत म्हणून."

"मस्करी नको, सुरैया. चिकमगळूरच्या सभेला मी जाणार. दुकान माझं हाय."

"बोलावणं कॉफी भाजणारीला आलंय."

"भाजणारा गेला तर काय आभाळ कोसळंल?"

"तुम्ही भाजलीत कधी?"

खलीलने पानदान असं आपटलं, की चुन्याची डबी उडून परसात गेली.

सुरैयाचे वडील बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. सुट्टीवर आले की एडनहून कच्ची कॉफी आणायचे आणि लोखंडी तव्यावर भाजायला पोरीला बसवायचे. त्र्याऐंशी साली लग्न होऊन ती भिवंडीत आली, तेव्हा खलीलच्या दुकानात नुसती चहापत्ती होती. तिने परसात भट्टी मांडली, वर हाताने फिरवायचा लोखंडी पिंप. भिवंडी चहावर चालते, पण केरळी मेसवाले, ब्राह्मणआळीतली घरं, लग्नाचे आचारी हळूहळू हिच्याच कॉफीला लागले. पुडीवर नाव आलं ‘खलील कॉफी’. तेव्हा कुणाला काही खटकलं नाही, सुरैयालासुद्धा.

खटकलं ते शहाण्णव साली, दाक्षायणीबाई आल्या तेव्हा. कॉफीच्या मळेवाल्यांना आपला माल आपण विकायची मोकळीक मिळाली होती. चिकमगळूरकडच्या बायकांनी स्वतःचा गट काढला होता आणि या बाई नमुन्याच्या थैल्या घेऊन गावोगाव फिरत होत्या. खलीलने खुर्ची पुसून दिली. बाई बसल्याच नाहीत.

"भूनता कौन है?"

"घर में... होता है," खलील म्हणाला.

बाई सरळ परसात. भट्टीजवळच्या पालथ्या खोक्यावर बसल्या. दोघी कच्चे दाणे दाताखाली फोडत होत्या, थुंकत होत्या, हसत होत्या. एकीचं हिंदी कानडी, दुसरीचं कोकणी, तरी गाडी अडली नाही. खलील दोनदा चहा घेऊन आत डोकावला. कॉफीवाल्यांना चहा! त्या अजूनच हसल्या.

जाताना बाईंनी अट सांगितली. "आमच्याकडे तोडणार बाई, वाळवणार बाई, आणि सौद्याला बसणार नवरा. आता तसं नाही. विकत घेणाऱ्याकडेही जी भाजते तीच बोलणी करायला येईल. चिकमगळूरला गटाच्या सभेला ती आली, तर माल तुमचा. नाहीतर ठाण्यात दुसरं दुकान आहे."

त्या दिवसापासून खलीलला घास गोड लागेना. माल हवाच होता. पण तो सुरैयाच्या शब्दावर मिळावा, हे घशाखाली उतरत नव्हतं. एकदा तर तो बोलून गेला, "भट्टीपुढं तुझं तोंड कसं खुलतं गं! माझ्याशी बोलताना खुललेलं आठवत न्हाय मला."

"तुम्ही भट्टीइतकं ऐकून घेता कुठं?"

पानदान आपटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खलीलने हमाल लावून भट्टी आणि पिंप दुकानाच्या तोंडाशी, ओट्यावर आणून बसवले.

"इथं?" सुरैयाने विचारलं. "समोर लूम आहेत."

"लूमवाल्यांनाही दिसू दे, कोण भाजतंय ते!"

अख्ख्या भिवंडीत पापडसुद्धा कुणी वर धोतर टाकल्याशिवाय वाळत घालत नाही. समोरच्या कारखान्यातून कापसाची तुसं दिवसभर उडत असतात. खलील जन्मापासून ती खांद्यावरून झटकत आला होता. पण त्या दिवशी त्याला फक्त बघणारे दिसत होते. बाह्या सारून त्याने पिंप फिरवला, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम केला, आणि तेलकट, गरम दाणे ताटांत उघड्यावर गार करायला पसरले. भाजले होते बरे. काही लोकांनी मान डोलावली. खलीलची छाती फुगली.

संध्याकाळी ब्राह्मणआळीतले चिंतामणी मास्तर पुडी परत घेऊन आले.

"खलीलभाई, कॉफी मागितली होती. तुम्ही गादीचा कापूस दिलात."

ओट्यावर हशा पिकला. मास्तरांनी आत मान वळवली. "बाई आहेत का?"

खलील उठला. परसात गेला. भट्टीच्या रिकाम्या जागी सुरैया उकिडवी बसून राख गोळा करत होती.

"जा तू सभेला," शेवटी तो म्हणाला. "माल बुडवायचा न्हाय मला."

सुरैयाने मान वर केली. तोंडावर हसू येऊ लागलं होतं.

"फक्त एक कर," तो म्हणाला. "चार बायकांसमोर सांग, की भाजायला मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. बस, एवढंच. कोण इचारायला येतंय? सांगशील ना?"

हसू होतं तिथेच थांबलं.

"सांगशील ना, सुरैया? अगं, एवढ्यानं तुझं काय जाणारे?"

तिने हातातली राख झाडली. खुंटीवरचा बुरखा घेतला, दाक्षायणीबाईंनी ठेवलेली नमुन्याची थैली काखेत मारली आणि ती दुकानातून, गादीसमोरून, मास्तरांच्या बाजूने एसटी स्टँडच्या रस्त्याला निघून गेली.