तळहातावरच्या खुणा

"तेका काय इचारतास, डॉक्टरांनू? माका इचारा. त्याचा सगळा मीच सांगतंय."

परबबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मी प्रश्न त्यांच्या मुलाला विचारला होता. सुयश शेजारी बसून माझ्या ओठांकडे पाहत होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. वय सत्तावीस, अंधेरीतल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत नोकरी, राहणे मुलुंडलाच, आमच्या हॉस्पिटलपासून जवळ. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे चौदाच्या आसपास.

त्याने खिशातून मोबाइल काढला, टाइप केले आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"सर, मिशी बारीक करा. अर्धे शब्द तिथेच अडकतात."

मी ते मोठ्याने वाचले तशी परबबाईंनी कपाळावर हात मारला. मला मात्र हसू आले. मीही टाइप करू लागलो आणि पुढचे आमचे बोलणे त्या छोट्या पडद्यावर झाले.

त्याला चष्मा नको होता. लेसरच्या दोन केंद्रांनी त्याला परत पाठवले होते, आणि ते योग्यच होते. लेसरने नंबर घालवताना कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाची पारदर्शक काच, किंचित तासावी लागते. नंबर जितका मोठा तितके तासणे अधिक. सुयशचा कॉर्निया मुळातच पातळ होता. तासला असता तर तो पुढे कमकुवत होऊन फुगण्याची भीती होती. अशा डोळ्यांसाठी दुसरा मार्ग आहे. काहीही न तासता डोळ्याच्या आत एक मऊ भिंग बसवतात. ते बुबुळाच्या रंगीत पडद्याच्या मागे आणि आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे राहते. कधी गरज पडली तर काढताही येते. आम्ही त्याला आयसीएल म्हणतो.

"पण चष्म्याने तुला चांगले दिसते," मी लिहिले. "मग शस्त्रक्रियेची घाई कशासाठी?"

त्याने बराच वेळ टाइप केले.

"काचेच्या मधोमध दिसते. कडेला सगळे वितळते. आम्ही मित्र रविवारी बोरिवलीला भेटतो. आठ-दहा जण, सगळे माझ्यासारखे. हातांनी बोलतात. समोरचा काय म्हणतो ते मला कळते. बाजूचा जोक मारतो, सगळे हसतात, मी मान वळवेपर्यंत जोक संपलेला. काचेच्या कडेबाहेरचा माणूस माझ्यासाठी गप्प असतो."

मी ते दोनदा वाचले.

मला संकोच वाटू लागला. कोणत्याही शस्त्रक्रियेत धोका असतोच. एरवी तो दृष्टीपुरता असतो. या मुलाचे डोळे हेच त्याचे कानही होते. तिथे चूक झाली असती तर त्याच्याशी बोलण्याचा रस्ताच बंद झाला असता. हे मी त्याला जसेच्या तसे लिहून दाखवले. त्याने मान हलवली आणि लिहिले, "मला माहीत आहे. म्हणून दोन वर्षे विचार केला."

परबबाई म्हणाल्या, "काय लिवलंन? माका सांगा तरी." मी सांगितले. त्यांनी पुढे ओढलेली खुर्ची मागे सरकवली.

आता अडचण भुलीची. आयसीएल आम्ही थेंबांची भूल देऊन बसवतो. रुग्ण जागा असतो. डोळ्यामागे भुलीची सुई मारून डोळा स्थिर करता येतो, पण एवढ्या नंबरचा डोळा लांबट असतो आणि मागे सुई टोचणे त्याला धोक्याचे. पूर्ण भूल हा दुसरा उपाय. त्याला सुयशने ठाम नकार दिला. लहानपणी कानाच्या ऑपरेशनला त्याला झोपवले होते. जागा झाला तेव्हा चष्मा नव्हता, आई नव्हती, समोर पांढऱ्या आकृत्या तोंड हलवत होत्या. त्याने लिहिले, "तेव्हा मी कुठे आहे हे मला कळत नव्हते. ते पुन्हा नको."

राहिले थेंब. मात्र थेंबांच्या शस्त्रक्रियेत निम्मे काम बोलण्याने होते. मी सतत बोलतो. दिव्याकडे पाहा, आता खाली, छान, हलू नका. पत्नी गेल्यापासून घरी बोलायला कुणी उरले नाही. दिवसातले माझे बहुतेक बोलणे टेबलावरच्या रुग्णांशीच होते. आणि या रुग्णाला ते ऐकूच जाणार नव्हते. चष्मा काढलेला, तोंडावर हिरवे कापड, आमच्या तोंडांवर मास्क, वर सूक्ष्मदर्शकाचा प्रखर दिवा. त्याला प्रकाशाच्या एका गोळ्याखेरीज काहीच दिसणार नव्हते.

मला माझे गुरुजी आठवले. लहानपणी वेदपाठशाळेत मंत्रांचे स्वर शिकवताना ते आमचे मस्तक दोन्ही हातांत धरीत. उच्च स्वराला वर, नीच स्वराला खाली. शब्दाने जे समजत नसे ते मानेला समजे. मग स्पर्शानेच सांगावे असे मी ठरवले.

आमच्या सावंत सिस्टर आणि भूलतज्ज्ञ डॉ. केणी यांना बोलावले. सुयशला समोर बसवून खुणा ठरल्या. तळहातावर एक दाब म्हणजे दिव्याकडे पाहा. दोन दाब म्हणजे खाली पाहा. काम संपले की मात्र वेगळ्या जागी खूण करायची, गोंधळ नको म्हणून. सिस्टरांनी दंड चहूबाजूंनी घट्ट आवळून धरायचा. त्याचा अर्थ, झाले, आता उठ.

"आणि घाबरला तर?" डॉ. केणींनी विचारले.

"घाबराक काय झालंय? मी आसंय ना बाजूक," सावंत सिस्टर म्हणाल्या. त्याही मूळच्या मालवणकडच्या. परबबाईंशी त्यांचे लगेच जमले होते.

परबबाईंना आत यायचे होते. सुयशने हात हलवून नाही म्हटले आणि लिहिले, "आईचा हात कापतो. मला सगळे कळते." त्यांना मी ते वाचून दाखवले नाही. ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीत, नातेवाइकांना प्रवेश नसतो, एवढेच सांगितले. नियम खराच होता.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधी करायची होती. टेबलावर घेतल्यावर उजव्या हातात सलाईनची सुई लावली. डाव्या दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला आणि सावंत सिस्टर त्याच बाजूला स्टुलावर बसल्या. पहिले रीडिंग त्याने चष्म्यातून पाहिले. मग चष्मा काढला. मी नेहमीप्रमाणे हात जोडले, परमेश्वराचे स्मरण केले आणि बसलो.

ओटी कधी इतकी शांत नव्हती. मी एक बोट वर केले की सिस्टर एक दाब देत. डोळा दिव्याकडे येई. दोन बोटे, डोळा खाली. काम सुरेख चालले होते. छोट्या छेदातून घडी केलेले भिंग आत सोडले. ते पाण्यात पडलेल्या पाकळीसारखे संथपणे उलगडले. त्याला चार कोपरे असतात. प्रत्येक कोपरा बारीक हत्याराने रंगीत पडद्याखाली सारायचा. त्याच्या लगेच मागे नैसर्गिक भिंग असते. त्याला हत्याराचा नुसता स्पर्श झाला तरी तिथे मोतीबिंदू होऊ शकतो.

दोन कोपरे आत गेले. तिसऱ्याला हात घातला आणि सुयशने डोके उचलले.

मी हत्यार मागे घेतले. कसे घेतले हे सांगता येणार नाही. अनेक वर्षांच्या सवयीने हात आपणहून मागे आला. "पकडा," एवढेच म्हणालो. सिस्टरांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला. तो उठण्याचा प्रयत्न करतच होता.

"अरे, झोप रे बाबा, झोप!" सिस्टर म्हणाल्या. त्यांचे शब्द कुणासाठी होते कुणास ठाऊक.

डॉ. केणी मॉनिटरकडे वळल्या. "सर, पल्स वाढलाय. प्रेशरचं रीडिंग आत्ताच येतंय..." त्या मध्येच थांबल्या. "सर, पट्टा!"

आम्ही तिघांनी एकदम त्याच्या डाव्या दंडाकडे पाहिले. पट्टा ठरल्या वेळेला आपोआप फुगला होता आणि दंड चहूबाजूंनी घट्ट आवळत होता. झाले, आता उठ.

सराव आम्ही माझ्या खोलीत केला होता. तिथे पट्टा नव्हता, आणि तो मध्येच पुन्हा आपोआप फुगतो हे सुयशला कुणी सांगितले नव्हते.

डॉ. केणींनी तो झटकन सोडवला. पण आता त्याला सांगायचे कसे? एक दाब द्यावा तर त्याला वाटेल, काम संपल्यावर दिव्याकडे कशाला पाहू? तोंडावरचे कापड काढावे तर उघड्या डोळ्यात जंतू जाण्याचा धोका. डोळ्यात जेल भरलेले होते, छेद आपसूक मिटणारा होता, काही क्षण थांबण्यात धोका नव्हता. भिंग मात्र अर्धे आत आणि अर्धे बाहेर होते. त्याचा श्वास जोरजोरात चालला होता. तो त्या क्षणी मनाने कुठे होता, याची मला त्याने आधीच लिहून कल्पना दिली होती. माझ्यापासून वीतभर अंतरावर होता तो, आणि माझा एक शब्दही तिथे पोहोचत नव्हता.

तेवढ्यात सावंत सिस्टर म्हणाल्या, "सर, ह्यो माका काय तरी करता."

सुयशने त्यांचे मनगट पकडले होते. त्याने ते आवळले, सोडले. पुन्हा आवळले, सोडले. आणि थांबला.

"इचारता तो! संपला काय, म्हणान इचारता." सिस्टरांचा आवाज चढला. "नाय कसा सांगू? 'नाय'ची खूण खंय ठरवली आपण?"

खरोखरच ठरवली नव्हती. तिघा सुशिक्षितांनी बसून खुणा केल्या होत्या आणि त्या सर्व आज्ञा होत्या. त्याला काही विचारावेसे वाटेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आले नव्हते.

"हात हलवा त्याचा," मी म्हणालो. "आपण मान हलवतो तसा. डावीकडे, उजवीकडे."

सिस्टरांनी त्याचा हात आडवा हलवला. तो स्तब्ध झाला. मग त्याची मान हळूहळू उशीवर टेकली. नंतर त्याच्या अंगठ्याने सिस्टरांच्या तळहातावर एक दाब दिला आणि तो थांबला.

दिव्याकडे पाहू का?

सिस्टरांनी एक दाब परत दिला. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा फिरला आणि दिव्यावर येऊन स्थिरावला. मी उरलेले दोन कोपरे आत सारले, जेल धुऊन काढले. शेवटी सिस्टरांनी दंड धरला नाही. त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन त्याला उठवून बसवले.

हत्याराचा स्पर्श झाला होता का, हे मला तेव्हा खात्रीने सांगता येत नव्हते. डोळ्याचा दाब त्या संध्याकाळी ठीक होता. नैसर्गिक भिंग नीट तपासायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडायची होती. घरी गेलो, सायंसंध्येला बसलो. आचमनानंतर पुढचे आठवेना. पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. त्या घरात मला काही विचारणारे कुणी नव्हते, आणि मी कुणाला विचारावे असेही कुणी नव्हते.

सकाळी स्लिटलॅम्पवर, म्हणजे बारीक प्रकाशरेषेने डोळा तपासण्याच्या यंत्रावर, त्याची हनुवटी टेकवली. बसवलेले भिंग जागेवर होते. त्याच्या आणि नैसर्गिक भिंगाच्या मधले अंतर हवे तेवढे होते. नैसर्गिक भिंग स्वच्छ होते, कुठेही डाग नव्हता. मी सर्वत्र पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग खुर्चीत मागे टेकलो.

झालेला सर्व प्रकार मी त्याला टाइप करून सांगितला. पट्ट्याचेही सांगितले. लपवण्याचे कारण नव्हते. त्याने वाचले आणि उत्तर लिहिले.

"मला वाटले ऑपरेशन फारच लवकर झाले. म्हटले सर हुशार दिसतात."

मग जरा थांबून खाली लिहिले, "पुढच्या डोळ्याच्या खुणा मी ठरवणार."

त्याने ठरवल्याही. नाही, थांबा, दुखते आहे, आता काय करता आहात. शेवटची खूण मला फार आवडली. डाव्या डोळ्याच्या वेळी त्याने ती वारंवार वापरली आणि सिस्टरांची उत्तरे देता देता तारांबळ उडाली. "मेल्या, गप रव की!" त्या मास्कमधून म्हणाल्या. पट्टा त्या वेळी पायाला होता. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली.

महिन्याने तो तपासणीला आला तेव्हा बोरिवलीचे चार मित्र सोबत होते. वेटिंग हॉलमध्ये दोघे खिडकीशी, एक दारात, एक टोकन घ्यायला काउंटरवर. सुयश मधल्या बाकावर. पाचही जण एकमेकांशी बोलत होते. काउंटरवरच्याने हातांनी काहीतरी केले आणि सुयशने मान न वळवता त्याला उत्तर दिले. सगळे हसले. बाकीच्या रुग्णांना आवाज आला तो फक्त हसण्याचा.

परबबाई एका कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जवळ जाऊन विचारले, "काय म्हणतो आहे तो?"

"माका काय ठावक? खूप बेगीन बोलतत ते." त्यांनी पदर सारखा केला. "आता माका कोण इचारीत नाय, डॉक्टरांनू."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्हा दोघांना ऐकू येत होते. त्या हॉलमध्ये एवढे संभाषण चालले होते आणि त्यातले एक अक्षर आम्हाला कळत नव्हते. पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

ऐकू न येणाऱ्या रुग्णाच्या ब्लड प्रेशरचा पट्टा आता आमच्याकडे पायाला बांधतात. खुणा रुग्ण ठरवतो, आणि त्यांतली पहिली खूण आम्हाला थांबवण्याची असते. एरवी कामाची पद्धत तीच आहे.